काटो-काट्झ किट : बावीस वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

परजीवी जंतांवर काम करणाऱ्या संशोधकाची ओळख बहुधा त्याच्या शोधनिबंधांवरून होते. पण त्या निबंधांतला आकडा ज्या वस्तूंमधून आलेला असतो, त्या वस्तूंविषयी फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या कामातले बहुतेक आकडे एका अत्यंत साध्या संचातून आलेले आहेत. मधोमध भोक असलेला प्लास्टिकचा छोटा साचा, बारीक जाळीचा तुकडा, एक चपटी काडी आणि सेलोफेनची गुंडाळी, एवढेच त्यात असते. शौचाच्या नमुन्यातली जंतांची अंडी मोजण्याच्या या संचाला काटो-काट्झ किट म्हणतात. विद्यार्थिनी म्हणून, पुढे सर्वेक्षणांची प्रमुख म्हणून आणि आता दुसऱ्यांना शिकवणारी म्हणून मी ते बावीस वर्षे वापरत आले आहे. या क्षेत्रात नव्याने येणारे तरुण मला विचारतात की रेणवीय (जंतांचा डीएनए शोधणाऱ्या) चाचण्या उपलब्ध असताना हे जुने किट घ्यावे का. माझे उत्तर असे आहे की जंतांचा भार मोजण्यासाठी ते जरूर घ्यावे, परंतु एखाद्या माणसाच्या पोटात जंत नाहीत असे सांगण्यासाठी त्यावर विसंबू नये. हे उत्तर मला कसे सापडले, ते सविस्तर सांगते.

आधी कृती पाहू, कारण या किटचे गुण आणि दोष दोन्ही कृतीतच दिसतात. नमुन्याचा थोडा भाग टाकाऊ कागदावर घ्यायचा, त्यावर जाळी दाबून धरायची आणि काडीच्या कडेने जाळीचा वरचा पृष्ठभाग खरवडत राहायचे. जाडेभरडे तंतू आणि न पचलेले कण जाळीखाली अडकतात व मऊ, एकजीव भाग वर येतो. काचपट्टीच्या मध्यावर साचा ठेवून त्याचे भोक या मऊ भागाने काठोकाठ भरायचे, काडी आडवी फिरवून वरचा जादा भाग काढून टाकायचा आणि साचा अलगद, सरळ वर उचलायचा. हात जरा तिरका झाला की चकतीची एक कड साच्याला चिकटून वर येते आणि ती पट्टी बाद करावी लागते. काचेवर नीट उतरलेल्या चकतीवर ग्लिसरीनमध्ये भिजवलेली सेलोफेनची पट्टी पसरायची, काचपट्टी उलटी करून सपाट, कठीण पृष्ठभागावर दाबायची आणि चकती सगळीकडे सारखी पसरू द्यायची. काचपट्टी उचलताना ती वर न ओढता बाजूला सरकवत काढायची, नाहीतर सेलोफेन सुटते. पसरलेला थर किती पातळ असावा, याची जुनी आणि उत्तम कसोटी म्हणजे काचपट्टीखाली छापील कागद धरला तर त्यावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत.

यानंतरचे काम ग्लिसरीन करते. ते थरात मुरत जाते, शौचातला बाकीचा भाग हळूहळू पारदर्शक होतो आणि अंडी तेवढी उठून दिसू लागतात. सेलोफेन ज्या द्रावणात किमान २४ तास भिजवायचे, त्यात १०० मिलिलिटर ग्लिसरीन, १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी आणि ३ टक्के मॅलाकाइट ग्रीनचे १ मिलिलिटर द्रावण असते. त्या रंगामुळे सूक्ष्मदर्शकातले दृश्य फिकट हिरवे होते आणि तासन्‌तास पाहूनही डोळ्यांना प्रकाश टोचत नाही. मॅलाकाइट ग्रीन मिळाले नाही तर मिथिलिन ब्लू चालते. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत आणि मला हिरवाच अधिक सुखकर वाटतो. त्या हिरव्या प्रकाशात गोलकृमीचे जाड, खडबडीत कवचाचे तपकिरी अंडे दिसते, चाबूककृमीचे दोन्ही टोकांना पारदर्शक बुचे असलेले पिंपासारखे अंडे दिसते आणि अंकुशकृमीचे पातळ कवचाचे, आत चार-आठ पेशींचा पुंजका असलेले अंडे दिसते. शिस्टोसोमा मॅन्सोनी या आतड्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जंताचे अंडे या सर्वांहून मोठे, सुमारे १४० मायक्रोमीटर लांब असते आणि त्याच्या कडेला एक टोकदार काटा असतो. तो काटा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ दुसरीकडे पाहूच शकले नाही. चित्रे मी शेकडो पाहिली होती, पण हे अंडे एका मुलाच्या शरीरातून आदल्या दिवशी बाहेर पडले होते.

किटच्या नावातली दोन नावे दोन देशांतली आहेत. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर निम्म्याहून अधिक लोकांना गोलकृमीची लागण होती आणि फार मोठ्या संख्येने नमुने तपासण्याची गरज होती. त्या काळात, १९५४ मध्ये, काटो आणि मिउरा यांनी काचेच्या आच्छादनाऐवजी ग्लिसरीनमध्ये भिजवलेले सेलोफेन वापरून जाड थर तपासण्याची पद्धत मांडली. ती पद्धत अंडी दाखवत असे, पण नेमके किती शौच तपासले हे ठरावीक नसे. ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते येथे शिस्टोसोमावर काम करणारे नाफ्ताली काट्झ आणि त्यांचे सहकारी शाव्हिस व पेल्लेग्रिनो यांनी १९७२ मध्ये त्यात भोक असलेला साचा आणला. वस्तू म्हणून पाहिले तर हा बदल एका छिद्राएवढाच आहे, पण अंडी पाहण्याची पद्धत त्या छिद्रामुळे अंडी मोजण्याची पद्धत झाली. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे सर्वेक्षणांसाठी हीच पद्धत स्वीकारली.

मोजण्याला इतके महत्त्व का, हे मला पुस्तकांतून कळले नव्हते. जिवाणू किंवा विषाणू शरीरात शिरले की तिथे वाढतात. आतड्यातले हे जंत मात्र माणसाच्या शरीरात आपली संख्या वाढवत नाहीत. प्रत्येक प्रौढ जंत बाहेरून स्वतंत्रपणे आलेला असतो. त्यामुळे ‘लागण आहे की नाही’ या प्रश्नापेक्षा ‘किती आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दोन अंकुशकृमी बाळगणाऱ्या मुलाला बहुधा काहीच त्रास होत नाही, तर दोनशे बाळगणारे मूल दररोज रक्त गमावत असते. शिवाय हे जंत लोकसंख्येत समान वाटलेले नसतात. बहुसंख्य लोकांत थोडे किंवा एकही नसतो आणि थोड्याच लोकांत बहुतेक जंत एकवटलेले असतात. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात एका शाळेतल्या नोंदवहीचे पान मी वरपासून खालपर्यंत वाचले तेव्हा त्यावर शून्य, शून्य, ३, शून्य, ७, शून्य असे आकडे होते आणि मध्येच एका ओळीत ६१२ लिहिलेले होते. ज्या मुलीपुढे तो आकडा होता ती वर्गातल्या सर्वांत ठेंगण्या मुलींपैकी होती. लागण आहे किंवा नाही एवढेच सांगणाऱ्या चाचणीने तिला आणि ३ अंडी असलेल्या मुलाला एकाच रकान्यात बसवले असते.

साच्याचे गणित सोपे आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साच्याचे भोक ६ मिलिमीटर व्यासाचे आणि जाडी १.५ मिलिमीटर असते; त्यात ४१.७ मिलिग्रॅम शौच मावते. म्हणून पट्टीवर मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणले की एक ग्रॅममागे किती अंडी आहेत ते मिळते. त्या संख्येवरून लागणीची तीव्रता ठरते. गोलकृमीसाठी ग्रॅममागे ५,००० पासून मध्यम आणि ५०,००० पासून तीव्र, चाबूककृमीसाठी १,००० आणि १०,०००, अंकुशकृमीसाठी २,००० आणि ४,०००, तर शिस्टोसोमा मॅन्सोनीसाठी १०० आणि ४०० अशा मर्यादा आहेत. गोलकृमीच्या मर्यादा शिस्टोसोमाच्या कितीतरी पट वर आहेत, यावरूनच लक्षात येते की एका अंड्याचा अर्थ प्रत्येक जंतासाठी वेगळा असतो.

आता गाऱ्हाणी सांगते, आणि पहिले गाऱ्हाणे साच्याविषयीच आहे. या किटची सारी अचूकता त्या भोकाच्या मापावर उभी असताना काही उत्पादक ते माप फारशा काळजीने पाळत नाहीत. एका सर्वेक्षणात दोन वेगवेगळ्या खेपांचे साचे एकत्र झाले होते आणि दोन गटांच्या मोजणीत न पटणारा फरक दिसू लागला. आम्ही आधी मोजणाऱ्यांवर संशय घेतला, त्यांच्या पट्ट्या अदलाबदल करून पुन्हा वाचल्या आणि मग व्हर्नियर कॅलिपरने साचे मोजले. एका खेपेतल्या साच्यांची जाडी १.५ ऐवजी सुमारे १.३ मिलिमीटर भरली. भोकाचा व्यास बरोबर होता, त्यामुळे नुसत्या नजरेला काहीच दिसत नव्हते. पण प्रत्येक पट्टीवर जवळपास १३ टक्के शौच कमी जात होते आणि आम्ही मात्र निःशंकपणे २४ ने गुणत होतो. ज्यांच्यावर संशय घेतला त्यांची मी त्याच संध्याकाळी क्षमा मागितली. तेव्हापासून नवा डबा उघडला की प्रत्येक खेपेतले किमान दहा साचे मोजल्याशिवाय मी ते क्षेत्रात पाठवत नाही. बाजारात ५० आणि २० मिलिग्रॅमचेही साचे मिळतात आणि त्यांचे गुणक अनुक्रमे २० आणि ५० आहेत. एकाच प्रकल्पात दोन प्रकारचे साचे कधीही येऊ देऊ नयेत.

सेलोफेनचे गाऱ्हाणे निराळे आहे. त्याची जाडी ४० ते ५० मायक्रोमीटर हवी आणि ते पाणी शोषणारे हवे. एकदा एका पुरवठादाराने वेष्टनासाठी वापरतात तसला, ओलावा न शोषणारा चकचकीत कागद पाठवला. दिसायला तो हुबेहूब सेलोफेनसारखा होता. रात्रभर द्रावणात ठेवूनही त्यावरून थेंब ओघळून जात होते, त्याखालचे थर पारदर्शक झाले नाहीत आणि त्या दिवसाचे सगळे नमुने आम्हाला पुन्हा लावावे लागले. चांगले सेलोफेन भिजल्यावर किंचित लवचीक होते आणि बोटांत धरले की मऊ लोंबते; कडक राहिले तर ते चुकीचे आहे, एवढी परीक्षा पुरेशी आहे. जाळी आणि काडी यांबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. नायलॉनची जाळी धुऊन पुन्हा वापरता येते, तशीच काडी आणि साचाही. फक्त धुणे मनापासून झाले पाहिजे, कारण आधीच्या नमुन्यातली गोलकृमीची चिवट अंडी जाळीच्या छिद्रांत राहिली तर पुढच्या माणसाच्या नावावर जमा होतात.

यापेक्षा गंभीर मर्यादा घड्याळाची आहे. ग्लिसरीन ज्या गुणामुळे शौच पारदर्शक करते, त्याच गुणामुळे ते अंकुशकृमीचे पातळ कवचाचे अंडेही पारदर्शक करते. पट्टी लावल्यापासून साधारण ३० ते ६० मिनिटांत ती अंडी मोजली नाहीत तर ती कोसळतात, विरघळल्यासारखी होतात आणि शेवटी दिसेनाशी होतात. हवा उष्ण असेल तर त्याहूनही लवकर. शिस्टोसोमाच्या अंड्यांचे याच्या नेमके उलट आहे. थर पूर्ण स्वच्छ झाल्यावर, म्हणजे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, ती अधिक चांगली दिसतात.

या घड्याळाने मला माझ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक दाखवली. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एकटीने एका गावातले नमुने गोळा केले होते. ऐंशीहून अधिक पट्ट्या सकाळभर लावून ठेवल्या आणि सगळ्या तयार झाल्यावर दुपारी एका बैठकीत वाचायला घेतल्या. मला ते काम फार पद्धतशीर वाटले होते. निकालात गोलकृमी भरपूर, चाबूककृमी बऱ्यापैकी आणि अंकुशकृमी जवळजवळ नाहीच, असे चित्र आले. त्या गावात मुले अनवाणी हिंडत होती, माती ओलसर होती आणि दवाखान्याच्या नोंदींत रक्तक्षयाची प्रकरणे बरीच होती. तरीही मी आकड्यांवर विश्वास ठेवला आणि तसा मसुदा लिहिला. माझ्या मार्गदर्शकांनी तो वाचून एवढेच विचारले, “पट्टी किती वाजता लावली आणि किती वाजता वाचली, ते कुठे लिहिलं आहे?” ते कुठेच लिहिलेले नव्हते. आम्ही पुन्हा त्या गावात गेलो, नमुने नव्याने घेतले, पाच-पाच पट्ट्या लावून लगेच वाचल्या, आणि दर तिसऱ्या-चौथ्या माणसात अंकुशकृमी सापडला. माझा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला असता तर त्या गावातल्या रक्तक्षयाचे एक उपचार करण्याजोगे कारण कागदोपत्री नाहीसे झाले असते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदवहीत ‘लावली’ आणि ‘वाचली’ असे दोन वेळांचे रकाने असतात आणि ते रिकामे असतील तर ती ओळ विश्लेषणात घेतली जात नाही. दोन्ही प्रकारचे जंत असलेल्या प्रदेशात तीच पट्टी दोनदा वाचावी लागते, पहिल्या तासात अंकुशकृमीसाठी आणि दुसऱ्या दिवशी शिस्टोसोमासाठी. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता शून्याविषयी. माझ्या मते या किटच्या परीक्षणातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण बहुतेक गैरवापर इथेच होतो. साच्यात ४१.७ मिलिग्रॅम मावते, म्हणजे एका पट्टीवर दिसू शकणारी सर्वांत कमी संख्या ग्रॅममागे २४ अंडी. समजा एखाद्याच्या शौचात ग्रॅममागे खरोखरच २४ अंडी आहेत आणि ती अगदी सारखी मिसळलेली आहेत, तरी पट्टीगणिक सरासरी एक अंडे येईल. पण केवळ योगायोगाच्या हिशेबाने शंभरातल्या सुमारे ३७ पट्ट्यांवर एकही अंडे दिसणार नाही. दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही कोऱ्या निघण्याची शक्यता सुमारे साडेतेरा टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात अंडी सारखी मिसळलेली नसतात आणि एका दिवसाचे शौच दुसऱ्या दिवसासारखे नसते, म्हणून खरी परिस्थिती या हिशेबाहून वाईटच असते. एकाच नमुन्याच्या दहा पट्ट्या लावण्यापेक्षा दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने घेणे अधिक उपयोगी ठरते, ते याच कारणाने.

हा हिशेब जंतागणिक बदलतो. दिवसाला २०० ग्रॅम शौच धरू. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, म्हणजे ग्रॅममागे हजार, म्हणजे पट्टीवर चाळीसेक. एक मादीसुद्धा या किटच्या नजरेतून सहसा सुटत नाही. अंकुशकृमीची मादी दहा हजारांच्या आसपास अंडी घालते असे धरले तर पट्टीवर दोनच अंडी येतील. शिस्टोसोमा मॅन्सोनीची जोडी दिवसाला जेमतेम तीनशे अंडी घालते आणि त्यातली बरीच आतड्याच्या व यकृताच्या ऊतींतच अडकतात. ती सगळी बाहेर पडली असे मानले तरी सोळा पट्ट्यांमागे एक अंडे असा हिशेब येतो. तेच किट, तोच साचा, तोच माणूस, आणि एका जंताबाबत ते तीक्ष्ण नजरेचे, तर दुसऱ्याबाबत जवळजवळ आंधळे आहे. काट्झ यांनी हा साचा शिस्टोसोमासाठीच आणला होता हे खरे, पण त्या काळी ज्या भागांत तो वापरला गेला तिथे लागण जड होती. आज औषधोपचाराच्या अनेक फेऱ्यांनंतर उरलेली लागण हलकी असते, आणि ती पकडायला हे किट अपुरे पडते.

काही जंत तर या किटला मुळातच दिसत नाहीत. स्ट्राँजिलॉइडिस या आतड्यातल्या जंताची अंडी आतड्यातच फुटतात आणि शौचात अळ्या येतात. त्यांच्यासाठी अळ्या कोमट पाण्यात उतरवून पकडणारी बायरमान पद्धत किंवा दुसरी चाचणी लागते. पातळ जुलाबाचा नमुना साच्यात टिकतच नाही, त्यामुळे अतिसार झालेल्या माणसाची तपासणी या किटने होत नाही. नमुना उन्हात राहिला तर अंकुशकृमीची अंडी पट्टी लावण्याआधीच वाढू लागतात किंवा बिघडतात, म्हणून तो सावलीत, गार जागी ठेवून त्याच दिवशी वाचला पाहिजे.

मग पर्याय कोणते? पीसीआर ही रेणवीय चाचणी हलकी लागण याहून पुष्कळ चांगली पकडते आणि जंतांच्या जाती वेगळ्या ओळखते, पण तिला सुसज्ज प्रयोगशाळा, शिकलेले हात आणि नियमित पुरवठा लागतो. निकाल गावातच त्याच दिवशी देता येत नाही. शिस्टोसोमा मॅन्सोनीसाठी लघवीतले प्रतिजन, म्हणजे जंताने सोडलेले पदार्थ, दाखवणारी पट्टी मिळते. ती वापरायला सोपी आहे, मात्र तिच्यावरची अगदी पुसट रेघ होकारात धरायची की नकारात, यावर एकाच टेबलावरच्या दोघांचे एकमत होत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. मिनी-फ्लोटॅकमध्ये अंडी तरंगवून मोजतात, त्यामुळे दृश्य स्वच्छ असते आणि रसायनात टिकवलेले नमुनेही चालतात; पण द्रावणाची घनता सांभाळावी लागते आणि शिस्टोसोमासाठी मला ती पद्धत समाधानकारक वाटली नाही. अलीकडे पट्टीची डिजिटल छायाचित्रे काढून संगणकाकडून अंडी ओळखून घेण्याचे प्रयोग चालू आहेत आणि त्यांच्याकडून मला मनापासून आशा आहे. मोजणाऱ्याचा थकवा ही या किटची मोठी अडचण आहे. पन्नासाव्या पट्टीला डोळे पहिल्या पट्टीसारखे काम करत नाहीत, आणि हवेचा बुडबुडा, परागकण किंवा वनस्पतीची पेशी अंड्यासारखी दिसू लागते. म्हणूनच दहा टक्के पट्ट्या दुसऱ्या अनुभवी व्यक्तीने पहिला निकाल न पाहता पुन्हा वाचण्याची पद्धत आहे, आणि ती कधीही टाळू नये. संगणकाच्या या प्रयोगांतही छायाचित्र बहुधा काटो-काट्झच्या पट्टीचेच असते, हे मात्र नोंदवले पाहिजे.

ते तसे असण्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी २०३० पर्यंतचे जे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यात मध्यम व तीव्र लागणीचे प्रमाण २ टक्क्यांखाली आणायचे आहे, आणि मध्यम व तीव्र या शब्दांचा अर्थ ग्रॅममागच्या अंड्यांतच सांगितलेला आहे. औषध परिणामकारक आहे का, हेही उपचाराआधीची आणि नंतरची अंडी मोजूनच ठरते. एका मात्रेच्या अल्बेंडाझोलने गोलकृमीची अंडी किमान ९५ टक्के आणि अंकुशकृमीची किमान ९० टक्के घटली पाहिजेत, तर चाबूककृमीसाठी अपेक्षाच ५० टक्क्यांची आहे. औषधाला प्रतिकार निर्माण होऊ लागला तर त्याची पहिली खूण याच घटीत दिसेल. ज्या शाळेची नोंदवही मी वर सांगितली, तिथे उपचारानंतर तिसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा नमुने घेतले होते. ६१२ अंडी गोलकृमीची होती. त्या मुलीच्या नव्या पट्टीवर मी तीनदा पाहिले आणि ४ अंडी मोजली. माझ्या कामातून एखाद्या मुलाला नेमके काय मिळाले, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा आकडा माझ्याजवळ नाही.

किट घेणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी लिहिते. साच्यांची खेप आणि माप लेखी मागून घ्या व हाती आल्यावर स्वतः मोजा. सेलोफेन गरजेपेक्षा दीडपट घ्या, कारण कडा दुमडून आणि बुडबुडे अडकून ते वाया जाते. ग्लिसरीनचे द्रावण प्रवासात सांडते आणि मॅलाकाइट ग्रीन हातांवरून व कपड्यांवरून निघत नाही, तेव्हा घट्ट झाकणाच्या दोन बाटल्या एकात एक ठेवा. हातमोज्यांत काटकसर करू नका आणि वापरलेल्या पट्ट्या जंतुनाशकात बुडवून मग जाळा. त्यातली गोलकृमीची अंडी पुढे कितीतरी काळ जिवंत राहू शकतात. रुग्णालयात एकेका रुग्णाचे निदान करणाऱ्यांनी हे किट एकमेव साधन म्हणून घेऊ नये. ज्या भागात लागण जवळजवळ संपत आली आहे आणि औषधवाटप थांबवायचे का हा प्रश्न आहे, तिथे याच्या जोडीला अधिक संवेदनशील चाचणी हवीच. शाळा, गाव किंवा जिल्ह्याचे सर्वेक्षण करणाऱ्यांनी आणि औषधाचा परिणाम मोजणाऱ्यांनी मात्र हेच घ्यावे.

पुढच्या महिन्यात आमच्या गटात तीन नवे विद्यार्थी येत आहेत. त्यांच्यासाठी मी साच्यांचा नवा डबा मागवला आहे, त्यातले दहा साचे काल मोजले आणि दहाही १.५ मिलिमीटर जाडीचे निघाले. डब्यात प्रत्येकासाठी एक छोटे घड्याळही ठेवले आहे.